तिळांतलें तेल आणि दासोपंतांची पासोडी

बीडहून परळीकडे निघालें म्हणजे वडवणी मागें पडते आणि तेलगांव लागतें. माजलगांवहून धारूरच्या घाटाकडे जाणारा रस्ता येथेंच या रस्त्याला छेदतो, म्हणून बहुतेक प्रवाशांना हें गांव एक चौफुला म्हणूनच ठाऊक असतें. गांवाच्या नांवांत तेल आहे. पण भोंवतालच्या काळ्या रानांत आतां ऊस उभा असतो, आणि तेलगांवची प्रसिद्धि आज आहे ती सहकारी साखर कारखान्यासाठीं. नांव एक आणि वस्तु दुसरी, हा प्रकार पाहून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला मौज वाटल्याशिवाय राहणार नाहीं. जॉन लॉक या इंग्रज पंडितानें १६९० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असाच एक भेद केला होता. वस्तूला आपण जें नांव देतों त्या नांवामागची आपली कल्पना ही एक गोष्ट, आणि ज्या अंतर्रचनेमुळें ती वस्तु ती वस्तु होते ती रचना ही दुसरी. पहिली आपल्या हातची. दुसरी बहुधा आपल्याला अगम्य.

तेल या शब्दाचेंच पाहा. तिळाचें तें तैल, असा त्याचा मूळ अर्थ. पुढें करडईच्या, भुईमुगाच्या, जवसाच्या रसालाही आपण तेल म्हणूं लागलों. घासलेटालासुद्धां तें नांव लाभलें. परंतु आपल्या जुन्या दर्शनकारांना या शब्दापेक्षां त्या पदार्थानें अधिक गुंतवून ठेवलें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लांकडी घाणा फिरतांना पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे कीं, डोळ्यांवर झांपड बांधलेला बैल फिरत राहतो, तेल खालीं गळतें आणि मागें पेंड उरते. आतां प्रश्न असा कीं, बैल फिरूं लागण्यापूर्वीं तें तेल कोठें होतें?

सांख्य म्हणतात, तें तिळांतच होतें. अव्यक्त होतें, घाण्यानें तें व्यक्त केलें इतकेंच. तसें नसतें तर तेल हवें असणारा मनुष्य तीळच कां धुंडतो, वाळू कां दळीत नाहीं? जें मुळांत नाहीं तें कितीही रगडलें तरी निघावयाचें नाहीं. हाच सत्कार्यवाद. वाळूंतून तेल काढण्याची कल्पना भर्तृहरीच्या एका श्लोकांत आहे आणि वामन पंडितांनीं ती मराठींत आणली. मराठी शाळांच्या भिंतींवर तो चरण प्रयत्नाचें महत्त्व पटविण्यासाठीं लिहिलेला आढळतो. परंतु मूळ श्लोकाचा रोंख निराळाच आहे. वाळूचें तेल एक वेळ निघेल, पण हट्टी मूर्खाचें मन वळणार नाहीं, असें कवीला म्हणावयाचें आहे. असो.

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांना सांख्यांचें हें उत्तर पटलें नाहीं. घडा मातींत आधींपासूनच असेल तर कुंभाराची गरज काय? आणि मातीच्या गोळ्यांत पाणी कां भरतां येत नाहीं? त्यांच्या मतें कार्य हें नवें असतें. पूर्वीं नव्हतें आणि आतां झालें. कणादाच्या अनुयायांनीं जगांतील यच्चयावत् गोष्टींची द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय अशा सहा पदार्थांत वांटणी केली. अभाव हा सातवा मागाहून आला. त्यांचा अत्यंत आवडता दृष्टांत कापडाचा. सूत एकत्र विणलें म्हणजे सुतांचा केवळ ढीग होत नाहीं. पट नांवाचें एक नवें द्रव्य उत्पन्न होतें आणि तें समवायसंबंधानें त्या तंतूंच्या ठायीं राहतें. बौद्धांनीं याची थट्टा केली. तंतु दिसतात, त्यांहून वेगळें कापड कोणाला दिसलें आहे? वस्तूला स्वतःचा असा स्वभावच नाहीं, असें नागार्जुनानें प्रतिपादिलें. नैयायिक मात्र हटले नाहींत. एक टोक धरून ओढलें तर सगळें कापड ओढलें जातें. ढिगाचें तसें होत नाहीं, हें त्यांचें उत्तर आजही विचार करण्याजोगें आहे.

ही मंडळी किती बारकाईनें पाहत याचा एक नमुना तेलाचाच आहे. स्निग्धता हा गुण पाण्याचा, असें वैशेषिकांचें मत. मग तेलांतली स्निग्धता कोठून आली? तर तेलांत असलेल्या जलाच्या अंशामुळें. पण मग तेलानें आग विझावयास हवी. ती तर भडकते! सतराव्या शतकांतील विश्वनाथ न्यायपंचाननांनीं या शंकेला उत्तर दिलें आहे: तेलांतली स्निग्धता फार उत्कट असते, म्हणून ती ज्वलनाला अनुकूल होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हें उत्तर टिकणारें नाहीं. पण आपला सिद्धांत देवघरांतल्या समईशीं ताडून पाहण्याची ही संवय शास्त्रज्ञाचीच म्हटली पाहिजे.

तिसरें उत्तर वेदान्त्यांचें. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आपल्या श्वेतकेतूला सांगतो कीं, मातीचा एक गोळा जाणला म्हणजे मातीचें सर्व कांहीं जाणलें. घडा, परळ, रांजण हीं नांवें वाणीचीं, खरी ती माती. शंकराचार्यांच्या परंपरेनें हाच विचार टोंकास नेला आणि मातीलाही त्याच न्यायानें ब्रह्मावर भासणारें एक रूप ठरविलें. या वादांत गुंतलेली गोष्ट लहान नव्हती. घडा खरा असेल तर तहानही खरी आणि ती भागविण्याचें कर्तव्यही खरें. घडा भासमात्र असेल तर या सर्वांचें काय करावयाचें? 

शेंकडों वर्षें ही चर्चा संस्कृतांत, पंडितांच्या सभांतून चालली. तेलगांवहून घाट चढून धारूरच्या पठारावरून पुढें गेलें म्हणजे अंबाजोगाई येते. ती मराठींत आणण्याचा पहिला मान परंपरेनें त्या गांवाला दिला आहे. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचा काल शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा ग्रंथांतच आलेला आहे. त्या कालाविषयीं आणि कवीच्या स्थलाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. वैनगंगेकांठचें आंभोरेंही मुकुंदराजांवर हक्क सांगतें. परंतु त्यांची समाधि अंबाजोगाईस दाखवितात, आणि त्यांनीं आपण शंकराचार्यांचे अनुयायी आहों हें उघड सांगितलें आहे. तेव्हां मराठीनें वस्तूच्या स्वरूपाविषयीं ऐकलेला पहिला शास्त्रशुद्ध निर्णय हा कीं, वस्तु म्हणून जें दिसतें तें अखेरचें खरें नव्हे.

अंबाजोगाईसच हत्तीखाना म्हणून एक कोरीव लेणें आहे. तेथील अंगणांत दगडी हत्ती उभे आहेत. त्यांच्याजवळ उभें राहिलें कीं, मिथ्यावादी आचार्यांच्या अंगावर हत्ती धावून आल्याची प्रसिद्ध गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाहीं. जग खोटें तर पळालांत कां, असें विचारतां हत्तीही खोटा आणि पळणेंही खोटें, असें उत्तर मिळालें म्हणतात. ही गोष्ट विरोधकांनीं रचली कीं भक्तांनीं, हें सांगणें कठीण. दोघांनाही ती आवडते. इंग्लंडांतही असाच प्रसंग घडला. बार्कलेच्या मतें जड वस्तूला मनावेगळें अस्तित्व नाहीं. १७६३ सालीं डॉक्टर जॉन्सन यांनीं एका मोठ्या धोंड्याला लाथ मारून, हें असें मी त्याचें खंडन करतों, असें म्हटल्याचें बॉस्वेलनें नमूद करून ठेवलें आहे. धोंड्याला लाथ मारून बार्कलेचें खंडन होत नाहीं; पण सामान्य मनुष्याचें पाऊल कोणत्या बाजूस आहे तें मात्र त्यावरून कळतें.

मराठींत त्या बाजूनें बोलणारा थोर पुरुष मुकुंदराजांनंतर लवकरच झाला. श्रीचक्रधरांनीं जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानले. चारही अनादि, चारही एकमेकांहून निराळे. प्रपंच कार्यरूपानें नाशिवंत खरा, पण तो भास नव्हे. त्यांच्या दृष्टांतपाठांतही एक हत्ती आहे. जन्मांध माणसें त्याला चांचपतात आणि ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्यालाच तो हत्ती समजतो. येथें हत्ती खोटा नाहीं. अपुरें आहे तें आंधळ्यांचें ज्ञान. दोन हत्तींच्या या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे दोन दर्शनांतला फरक एखाद्या लहान मुलालाही सांगतां येईल.

ज्ञानेश्वरांनीं निराळाच मार्ग काढला. अमृतानुभवाच्या दहा प्रकरणांत सर्वांत मोठें सातवें, आणि तें अज्ञानाच्या खंडनाला वाहिलेलें आहे. जग अज्ञानामुळें भासतें असें म्हणणाऱ्यांना ते विचारतात कीं, हें अज्ञान राहतें कोठें आणि त्याला जाणतें कोण? तें ज्ञानांत राहूं शकत नाहीं, आणि ज्ञानावांचून तें आहे हें सिद्धही होत नाहीं. अज्ञानच गेलें तर त्याचें कार्य म्हणून जगाला पुसून टाकण्याचें प्रयोजन उरत नाहीं. पाहणारा आणि दृश्य हा एकाच चैतन्याचा विलास ठरतो. कांहीं अभ्यासक याला शांकर मताचेंच एक रूप मानतात, कांहीं स्वतंत्र दर्शन मानतात. एवढें खरें कीं, या उत्तरांत वस्तूला पुन्हां एकदां मान मिळाला.

शंभर-सव्वाशें वर्षांत एका भाषेला तीन उत्तरें मिळालीं, ही गोष्ट सामान्य नाहीं. परंतु पुढें जें झालें तें मराठी विचाराच्या दृष्टीनें दुर्दैवाचें म्हणावें लागेल. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला ते जवळजवळ बंद राहिले. नैयायिकांचा पक्ष पाठशाळांतून संस्कृतांतच राहिला. मुंबईंत १८७४ सालीं भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश प्रसिद्ध झाला, तोही संस्कृतांतच. परिणाम असा झाला कीं, कीर्तनांत आणि पोथींत मराठी माणसानें शतकानुशतकें वेदान्त्यांचें उत्तर ऐकलें. त्या उत्तराला घेतलेले आक्षेप मात्र त्याच्या कानांवर क्वचितच आले. ज्या घरांतून मायेचें नांव रोज निघे, तेथें कापड आणि सूत यांचा झगडा कोणाला ठाऊक नव्हता. प्रतिपक्षाची ओळख नसतांना मिळालेला विजय हा विजय म्हणावा काय?

आणि तरीही एका कापडानें हा वाद मराठींत ठेवला आहे. तेंही वेदान्त्याच्याच हातून. दासोपंत शके १४७३ मध्यें, म्हणजे १५५१ सालीं, नारायणपेठच्या देशपांडे घराण्यांत जन्मले. थकलेल्या वसुलापायीं बेदरच्या दरबारानें या मुलाला ओलीस ठेवून घेतलें होतें, अशी परंपरा आहे. माणसाला तारण म्हणून ठेवणें, म्हणजे त्याची एक वस्तु करणें. तो अनुभव ज्याला बाळपणींच आला त्यानें पुढें वस्तूंच्या घटनेचा विचार करावा, यांत एक विलक्षण योग आहे. दत्तभक्त होऊन ते अंबाजोगाईस येऊन राहिले. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, ही कथा त्यावरूनच निघाली असावी. शके १५३७ मध्यें त्यांनीं तेथेंच देह ठेवला.

या दासोपंतांनीं सुमारें ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर पंचीकरण लिहिलें. कागद दुर्मिळ होता असें म्हणावें, तर इतर ग्रंथांना तो पुरला. तेव्हां पासोडी त्यांनीं हेतुपुरस्सर निवडली असें मानण्यास हरकत नाहीं. पंचीकरण म्हणजे वस्तु कशाच्या बनल्या याचें वेदान्ती गणित. पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश या प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन भाग करावे. एक अर्धा तसाच ठेवावा, दुसऱ्याचे चार भाग करून ते उरलेल्या चौघांना वांटावे. अशा रीतीनें प्रत्येक स्थूल भूतांत निम्मा अंश स्वतःचा आणि प्रत्येकीं एक अष्टमांश इतरांचा. केवळ पाणी असें पाणी जगांत नाहीं. त्यांतही अर्धेंच पाणी. मग हीच वांटणी देहांत दाखवितात: हाड, मांस, त्वचा, नाडी आणि केस हीं पृथ्वीचीं; लाळ, घाम इत्यादि आपाचीं; याप्रमाणें पंचवीस तत्त्वें मोजून झालीं कीं, यांपैकीं कोणतें तत्त्व म्हणजे मी, असा प्रश्न उरतो आणि त्याचें उत्तर एकही नाहीं असें येतें. वस्तु उलगडत गेली कीं हातांत कांहीं राहत नाहीं, हें दाखविण्यासाठीं लिहिलेला हा ग्रंथ. आणि तो लिहिला कशावर, तर नैयायिकांनीं वस्तूच्या खरेपणाची साक्ष म्हणून उभ्या केलेल्या कापडावर! दासोपंतांना ही गंमत जाणवली नसेल असें वाटत नाहीं. 

ती पासोडी अंबाजोगाईस त्यांच्या वंशजांनीं जपून ठेवली. चारशें वर्षांच्या कापडाचें जें व्हावयाचें तें तिचेंही होणारच. सूत विरतें, धागा तुटतो. याविषयीं वैशेषिकांचा नियम फार कडक आहे. एक तंतु निघाला कीं जुना पट नष्ट झाला. उरलेल्या तंतूंत जो दिसतो तो दुसरा, खंडपट म्हणून नवा उत्पन्न झालेला. तो पूर्वीचाच वाटतो, कारण सारखेपणामुळें आपण त्याला तोच म्हणून ओळखतों. या हिशेबानें दासोपंतांनीं जिच्यावर लेखणी टेंकली ती पासोडी केव्हांच गेली, आणि तेव्हांपासून तुटलेल्या धाग्यागणिक एक नवी पासोडी जन्मास येत आहे. दासोपंतांच्या मतें ती मुळांतच पासोडी नव्हती. अंबाजोगाईचे लोक तिला दासोपंतांची पासोडी म्हणतात.