जवस आणि लिनन (धाराशिव जिल्हा)

लिनन कापडाचा धागा ज्या झाडाच्या खोडातून निघतो, ते मराठवाड्यातले ओळखीचे जवस किंवा अळशी होय. शास्त्रीय नाव लायनम युसिटॅटिसिमम, कुल लायनेसी. धाराशिव (2023 पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात हे रब्बी पीक बियांसाठी घेतात. बियांत सुमारे 35 ते 40 टक्के तेल असते. घरोघरी जवसाची चटणी होते. तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरांना घालतात. शेजारच्या लातूरच्या गळीतधान्ये संशोधन केंद्राने ‘एलएसएल 93’ हा वाण दिला आहे.

पर्यावरणीय गुण : पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर जवस कोरडवाहू येते. त्याला खत व फवारणी बेताची लागते. त्यामुळे अवर्षणप्रवण बालाघाटच्या पठारावर पाणी आणि खर्च दोन्ही वाचतात. लिनन टिकाऊ असते, घाम लवकर टिपते आणि लवकर वाळते. न रंगवलेले लिनन मातीत कुजून जाते. पॉलिएस्टरसारखे धुण्यातून प्लास्टिकचे तंतू सोडत नाही.

धाग्याची प्रक्रिया : धाग्याचे वाण उंच, कमी फांद्यांचे असतात, खोडाची पूर्ण लांबी मिळावी म्हणून ते मुळासकट उपटतात. तेलाचे वाण ठेंगणे, फांद्या फुटलेले. त्यांचा धागा आखूड व जाडाभरडा निघतो. खोड कुजवून साल सुटी करतात, मग कुटून व विंचरून धागा काढतात. फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीत हे काम शेतातच, दवावर होते. धाराशिवला जवस फाल्गुनाच्या सुमारास काढणीला येते, तेव्हा हवा कोरडी असते, त्यामुळे दवावर कुजवणे अवघड. पाण्यात कुजवावे तर त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून गावतळ्यात जवस कुजवणे घातकच. बंदिस्त टाकी आणि पाण्याचा पुनर्वापर हाच सुरक्षित मार्ग.

सद्यःस्थिती : भारतीय लिनन गिरण्या मुख्यतः युरोपातून आयात केलेल्या धाग्यावर चालतात. बी आणि धागा दोन्ही देणारे ‘गौरव’, ‘शिखा’, ‘जीवन’ यांसारखे वाण देशात विकसित झाले आहेत. जवसाच्या काडाला भाव मिळाला, तर कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच रानातून, त्याच ओलीवर दुसरे उत्पन्न मिळू शकेल. त्यासाठी असे वाण जिल्ह्याच्या हवामानात पारखणे आणि काड कुजवण्याची सामुदायिक सोय उभारणे, ही कामे आधी व्हायला हवीत.