तबकडी आणि हादरा

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. फोनो मात्र त्याच्या कितीतरी आधींच शहरांतील दिवाणखान्यांत येऊन बसला होता. चावीचा फोनो मोठा सोशीक. सुईचें कंपन पडद्याला द्यावें, पडद्यानें तें कर्ण्यांतून बाहेर सोडावें, एवढाच त्याचा व्यवहार.

१९२५ नंतर विजेचे वर्धक व ध्वनिक्षेपक आले आणि घोटाळा झाला. ध्वनिक्षेपक ज्या मेजावर, त्याच मेजावर तबकडी. त्याचा हादरा लांकडांतून सुईला पोंचे, सुई तोच पुन्हां वर्धकाकडे धाडी, आणि गायकाच्या खर्जाऐवजीं नुसता घुमारा कानीं येई. त्यांत महालांतील जुन्या वाड्यांच्या माड्या फळ्यांच्या. पोर धांवलें कीं सुई उडे. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या लाखेच्या तबकडीवर पडलेला ओरखडा कोण भरून देणार?

उपाय घरांतच सांपडतो. जाड फळीखालीं सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून ठेवावी. हवा ठासून भरली तर ट्यूब दगडासारखी होते व हादरा जसाच्या तसा वर चढतो. हवा बेताची असली तर फळी संथपणें डुलते आणि जलद कंपनें खालींच जिरतात. अशी डुलणारी फळी समपातळींत राखणें मात्र चिकाटीचें काम. रबराच्या बुचांनींहि थोडें भागतें, पण बूच वजनाखालीं दबलें पाहिजे. न दबणारें रबर असून नसून सारखेंच.