उद्याच्या उन्हाची वाट

मागच्या दिवाळीत आईकडे माळा आवरत होते. पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचा जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सापडला. चामडी कव्हरसकट, अगदी नव्यासारखा. आणि त्याच्या शेजारी एक रोल. न उघडलेला! वेष्टणावर वापरण्याची मुदत छापलेली होती, १९८४ ची.

हा रोल मला चांगला आठवतो. बाबांनी तो भावाच्या मुंजीसाठी आणला होता. त्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलं. मग ‘गणपतीत काढू’ झालं, मग ‘सगळे जमले की काढू’. एका रोलमध्ये बाराच फोटो, शिवाय धुऊन आणायचा खर्च. एकही वाया जायला नको ना! एकदा आजी ओसरीवर मेथी निवडत बसली होती आणि कशावरून तरी पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत होती. मी बाबांच्या मागे लागले, आत्ता काढा, आत्ता! ते रोल आणायला उठलेसुद्धा. मग थबकले. म्हणाले, “ऊन मागून येतंय गं. उद्या सकाळी काढू.”

आजी १९८६ मध्ये गेली. तिचा एकुलता एक फोटो काकाच्या लग्नातल्या ग्रुपमधला. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.

तो रोल हातात घेऊन बसले आणि मला एकदम दादासाहेब फाळके आठवले. हसू नका, सांगते का ते.

आपल्याला शाळेत एक ओळ पाठ असते : ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, पहिला भारतीय कथापट. पण त्याआधीची दोन वर्षं बघा. फाळके १८७० चे, त्र्यंबकेश्वरचे. मुंबईला जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला, तर प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यातली नोकरी धरली आणि सोडली. छापखाना काढला, त्यासाठी जर्मनीला जाऊन आले, पण भागीदारांशी पटेना म्हणून त्यातूनही बाहेर पडले. १९११ च्या सुमारास गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, तेव्हा वय चाळिशीचं, हातात काम नाही, घरात लहान मुलं. आणि त्या पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसले पाहिजेत हे डोक्यात घेऊन ते घरी आले.

तुम्हीच सांगा, ही काय वेळ होती?

त्यात सतत सिनेमे बघून आणि रात्र रात्र जागून डोळे इतके बिघडले की काही दिवस दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. आपण असतो तर म्हटलं असतं, आता वर्षभर विश्रांती. त्यांनी काय केलं, तर आयुष्याचा विमा गहाण टाकला आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट धरली. मला ही विम्याची गोष्ट फार विलक्षण वाटते. आपल्या पश्चात उपयोगी पडावा म्हणून ठेवलेला पैसा त्यांनी जिवंतपणीच्या कामाला लावला!

लंडनहून ते कॅमेरा ठरवून आले. तो मुंबईत पोचल्यावर मात्र त्यांनी लगेच हरिश्चंद्र काढायला घेतला नाही. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते मिनिटाभरात भराभर उगवून आलं. हेच दाखवून त्यांनी पुढचं भांडवल मिळवलं.

या कुंडीपाशी मी अडखळले. कारण बाबाही थांबले होते आणि फाळकेही थांबले. मग फरक काय? मला वाटतं, फाळक्यांचा कॅमेरा रोज चालू होता. त्याला धीर म्हणायचं. बाबांचा कॅमेरा ट्रंकेत होता. ती नुसती वाट पाहणं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि म्हणूनच आपण वर्षानुवर्षं स्वतःला फसवू शकतो.

पुढे स्त्रीपात्र करायला बाई मिळेना, तेव्हाही ‘समाज बदलेल मग बघू’ म्हणाले नाहीत. हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना तारामती केलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि फाळक्यांनाही पैसा उभा करणं जड जाऊ लागलं. सवडीने सुरुवात करू म्हणून ते दोन वर्षं थांबले असते तर?

पण हे सगळं लिहिताना सरस्वतीबाईंना विसरून कसं चालेल? बाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकंही पाडली. एकाने थांबायचं नाही असं ठरवलं की घरातल्या दुसऱ्याला त्याच्याबरोबर धावावंच लागतं. फाळके कंपनीतून बाहेर पडून काशीला गेले, परत आले, १९३७ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, आणि १९४४ मध्ये नाशिकला गेले. श्रीमंत होऊन नव्हे. तेव्हा उडी मारली की सगळं छान होतं, असं काही मी म्हणणार नाही. पण ते वाटाण्याचं रोप उगवताना लोकांनी पाहिलं, एवढं खरं.

आणि बाबांना तरी दोष कसा देऊ? कारकुनाच्या पगारात बारा फोटो म्हणजे बारा फोटोच होते. माझ्याकडे तर तेही निमित्त नाही. फोनमध्ये हजारो फोटो आहेत, आणि ‘बाबांना एकदा निवांत बसवून जुन्या गोष्टी विचारायच्या’ हे मी किती वर्षं म्हणतेय कोण जाणे. मुलांच्या परीक्षा झाल्या की, गुडघ्याचं ऑपरेशन झालं की...

माळ्यावरून उतरले. बाबा खिडकीपाशी चकलीचा तुकडा चहात बुडवत बसले होते, बनियनवर, दाढी वाढलेली, ऊन बरोबर मागून. मी फोन वर केला.

“अगं थांब, शर्ट तरी घालू दे!”

नाही थांबले. फोटो काळपट आलाय, पण ते हसतायत. मग तो रोल त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, “हा कुठल्या दुकानातून आणला होता हो?”

दीड तास बोलत होते. चहा पार गार झाला.