दंडावरचा दंड

दंड भरला की अपराध फिटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या विधिमंडळाने २००३ साली ती मोडीत काढली. बेदरकार चालकांस जरब बसावी आणि अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांस द्रव्यसाहाय्य व्हावे, या दुहेरी हेतूने न्यायालयीन दंडाखेरीज ओळीने तीन वर्षे अधिभार बसविण्यात आला. विम्यावाचून मोटार चालविल्यास दरसाल २५० डॉलर. मद्यपान करून चालविल्यास निदान १,००० डॉलर.

हेतू चांगला होता, पण हिशेब चुकला. ज्याला विम्याचा हप्ताच झेपत नव्हता, त्याने साडेसातशे डॉलर कोठून आणावे? अधिभार थकला की परवाना निलंबित होई. त्या विस्तीर्ण राज्यात मोटारीवाचून कामावर जाणे बहुतेकांस अशक्य. मग मनुष्य परवान्याविना गाडी काढी, पकडला जाई आणि आणखी एक अधिभार माथी बसे. अशा रीतीने लक्षावधी लोक परवाना गमावून बसले.

कायदा रद्द करावा, तर रुग्णालयांच्या पैशाचे काय, हा पेच होता. २०१९ साली विधिमंडळाने वाहतुकीच्या साध्या दंडात व विम्यावरील शुल्कात वाढ करून ती सोय लावली. १ सप्टेंबर २०१९ पासून अधिभार रद्द झाला व थकबाकी माफ झाली. मद्यपी चालकांस मात्र मोकळीक मिळाली नाही. दोष सिद्ध झाल्यास त्यांना ३,००० डॉलर व त्याहून अधिक दंड ठरला.

अपराध्यास शासन हवेच. परंतु ते भोगून पुन्हा सरळ मार्गाला लागण्याची वाटही कायद्याने मोकळी ठेवली पाहिजे.