बॉस्टनचा बर्फ, फोर्टातली कोठी

फ्रिजला बर्फासाठी पाण्याची लाइन द्यायची म्हणजे काम तासाभराचं. सिंकखालच्या अँगल कॉकला टी, मध्ये फिल्टर, मग पाव इंची पांढरी नळी फ्रिजच्या पाठीमागे. नळीचे दोन वेढे जास्तच ठेवायचे, नाहीतर झाडायला फ्रिज ओढला की ती निसटते. फोर्टातल्या एका घरी माझीच निसटली होती; स्वयंपाकघरभर पाणी!

त्या घराजवळच, आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे त्या बाजूला, मुंबईची बर्फाची कोठी होती. घुमटाची, जाड भिंतींची. बर्फ यायचा थेट अमेरिकेतून, जहाजाने. धंदा बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा. हिवाळ्यात तिकडची तळी गोठली की घोडा जुंपलेल्या, नांगरासारख्या अवजाराने त्यावर चौकोन पाडायचे, लाद्या कापायच्या आणि लाकडाच्या भुशात गच्च रचायच्या. 1833 साली ‘टस्कनी’ जहाज 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी उतरला सुमारे 100 टन. गळती बघण्यात माझा जन्म गेला, पण एवढी गळती सोसून पैसा कमावणारा दुसरा पाहिला नाही.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, तर मंडळींना सर्दीच झाली म्हणे. पुढे इथेच यंत्रावर बर्फ होऊ लागला आणि कोठीचं काम संपलं.

नवी लाइन जोडली की पहिला बर्फ मी टाकून द्यायला सांगतो. परवा एका बाईंनी तो तुळशीत ओतला.