सावित्रीचं लाकूड

महाडचं पाणी म्हटलं की चवदार तळं आणि २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो, आणि तेच योग्य आहे. मी मात्र आज सावित्रीच्या पाण्याविषयी, तिच्या पुरातून येणाऱ्या आणि घरातल्या माशांच्या टाकीत जाऊन बसणाऱ्या लाकडाविषयी बोलणार आहे.

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस १८५० च्या सुमारास इंग्लंडात रुजली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली. टाकीत लाकूड ठेवलं की माशांना आडोसा मिळतो.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीला मिळते. भरती महाडपर्यंत चढते; पूर्वी गलबतंही चढत. म्हणून लाकडं दोन प्रकारची. पोलादपूरकडचं गोड्या पाण्यातलं, दगडांवर आपटून गुळगुळीत झालेलं. दासगावकडचं खारट, किड्यांनी पोखरलेलं. ते गोड्या पाण्यात कितीतरी दिवस जास्त मुरवावं लागतं. पूर ओसरला की लोक चुलीसाठी लाकडं ओढून नेतात. कुऱ्हाडीला दाद न देणारी वेडीवाकडी मुळं मागे राहतात, ती हौशी माणसाची.

मूळ घासून धुवावं, साल आणि कुजका भाग काढावा, मग उकळावं. पाणी चहासारखं होतं. तो लाकडातला तुरट अंश. खैराच्या लाकडातून कात निघतो, त्याचंच हे भावंड. रंग फिका होईपर्यंत पाणी बदलत राहावं. लाकूड तरंगतं ते आतल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी शिरलं की बुडतं. तेवढा धीर नसेल तर कडप्प्याच्या तुकड्यावर न गंजणाऱ्या स्क्रूने बसवावं आणि वर वाळू पसरावी. दोन काचांच्या मध्ये मात्र कधी ठोकून बसवू नये. लाकूड फुगतं आणि काच तडकते.

पण सावित्रीच्या पुरात नुसती झाडं येत नाहीत. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री १९२८ चा पूल गेला, त्याच्यासोबत दोन एसटी गाड्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली आलं. अशा पावसाळ्यानंतर काठावर वासे सापडतात, चौकटी सापडतात. खिळा किंवा खाच दिसली की मी ते लाकूड घेत नाही. त्याला शास्त्रीय कारण आहे: तेल, रंग, डांबर पाण्यात उतरून माशांना बाधतं. माझं कारण ते नाही. दिवाणखान्यात शोभेला ठेवायची ती वस्तू नव्हे.

असा वासा मी पुराच्या खुणेच्या वर नेऊन झाडाला टेकवून ठेवतो. ज्याचा असेल तो कधी त्या वाटेने आला, तर त्याला दिसेल.