कार्यकर्त्याच्या पाठीशी कोण? तरवडी, जामखेड आणि 26 जानेवारीची ग्रामसभा



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, हे गृहस्थ आता तास-दीड तास आत्मा आणि ब्रह्म यांवर बोलणार. तसं होणार नाही. आज इतिहास सांगायचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या नेवासे तालुक्यातूनच करायची आहे.

प्रश्न साधा आहे. गावात लोकांना एकत्र आणणारा, ज्याला कुणी विचारत नाही त्याला सभेत आणून बसवणारा माणूस टिकतो कशाच्या बळावर? त्याचं नाव इतिहासात येतं. त्याच्या पाठीशी कोण उभं होतं, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

तरवडीला जाऊ या. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये 'दीनबंधु' हे पत्र काढलं. पुढे पत्र आर्थिक अडचणीत आलं आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन चालवलं. भालेकर 1910 मध्ये वारले. त्यांचा मुलगा आपल्या तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेला होता. तेच मुकुंदराव पाटील. वडील गेले त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, मुकुंदरावांनी 'दीनमित्र' सुरू केलं. सुरुवातीचे अंक सोमठाण्याहून निघाले आणि मग छापखाना तरवडीत स्थिरावला. 1967 साली मुकुंदराव वारले, तोवर म्हणजे सत्तावन्न वर्षं त्यांनी हे काम केलं.

जरा थांबून विचार करा. वर्तमानपत्र ही शहराची वस्तू. कागद शहरात, शाई शहरात, जाहिरातदार शहरात, वाचता येणारी माणसंही बहुतेक शहरात. आणि हा माणूस खेड्यात बसून अंक जुळवतो, छापतो, टपालात टाकतो. शहरात जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्यातच राहायचं, हा त्यांचा निर्णय होता.

त्यांनी 'कुळकर्णी लीलामृत' लिहिलं ते ओवीत, पोथीच्या थाटात. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली त्या तालुक्यातल्या माणसाला ओवी शिकवावी लागत नाही, ती कानात असतेच. विषय होता गावच्या दप्तराचा. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती गाव. कुणाची जमीन कुणाच्या नावावर, कुणाकडे किती बाकी, हे ज्याला वाचता येत नाही तो स्वतःच्याच गावात परका होतो. आपलेपणा ही नुसती भावना नाही, मंडळी. तो कागदावरही असावा लागतो. मुकुंदरावांनी हे ओळखलं होतं.

आता आमचा प्रश्न. 'दीनमित्र' जगलं कशावर? साप्ताहिक जगतं वर्गणीदारावर. कुठल्या तरी गावातला एक शेतकरी वर्षाची वर्गणी भरतो, अंक आला की पारावर चार जणांना वाचून दाखवतो, पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी भरतो. त्याचं नाव कुठंही कोरलेलं नाही. पण तो नसता तर मुकुंदराव पाटील हे नाव आज आपल्याला ठाऊक नसतं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या काळातली ही मोठी रक्कम. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमच्यातूनच पुढारी मिळाला आहे, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. राजाने दुसऱ्याला पुढारी म्हणून पुढे करावं आणि आपण बाजूला व्हावं, हे सोपं नाही. तरीही 'मूकनायक' 1923 मध्ये बंद पडला. बाबासाहेब अपुरं राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले होते. मदत उदार होती, हेतू निर्मळ होता, पण रोजचं ओझं उचलणारी यंत्रणा उभी राहिली नव्हती. दोष कुणाचाच नाही. एकदा दिलेली मोठी देणगी आणि दर वर्षी न चुकता येणारी छोटी वर्गणी यांत फरक असतो, एवढंच यातून घ्यायचं.

तिसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये तिथं आलं. रोग बरे करायला आले, आणि त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात बसून गावाचा आजार जात नाही. मग गावानंच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. पुष्कळशा निरक्षर होत्या, आणि त्यांत दलित स्त्रियाही होत्या. गावात शेतकऱ्यांची मंडळं निघाली, महिला मंडळं निघाली. 1979 मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे तुम्ही ऐकलेलं आहे.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या बायका नियमितपणे जामखेडला जमत. एकत्र शिकत, एकत्र जेवत, रात्री एकाच ठिकाणी झोपत. गावात ज्यांची ताटं वेगळी, त्यांची इथं पंगत एक. गावात परतल्यावर कुणी टोमणे मारले, कुणी ऐकून घेतलं नाही, तर पुढच्या बैठकीत सांगायला जागा होती. 'माझंही तसंच झालं' असं म्हणणारी दुसरी बाई तिथं होती. एकट्या कार्यकर्तीला गाव महिन्याभरात गप्प करतं. तिच्या मागे अशी बैठक असेल तर ते तितकं सोपं नसतं.

तर तीन गोष्टी हाती आल्या. मदत नियमित हवी. मदत करणाऱ्यानं पुढारपण स्वतःकडे घेऊ नये. आणि कार्यकर्त्याला आपल्यासारख्यांची सोबत हवी.

आता सोनईविषयी बोलतो. पाहुण्यानं गोड बोलून निघून जावं असा रिवाज आहे. पण तुम्ही आम्हाला विचार करायला बोलावलंत.

या परिसराचं नाव 2013 च्या जानेवारीत साऱ्या महाराष्ट्रात गेलं ते तीन दलित तरुणांच्या हत्येनं. न्यायालयानं आपलं काम केलं. परंतु खून होण्याआधी, माणसामाणसांत भिंत उभी राहत असताना बोलणारं कुणी गावात असावं लागतं, आणि ते न्यायालय नेमून देऊ शकत नाही. अमेरिकेत बाबासाहेबांचे गुरू असलेले जॉन ड्यूई सांगत की लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे. बाबासाहेबांनी तो विचार उचलला आणि इथल्या जातीला भिडवला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला, तोही हाच: 26 जानेवारीला आपण राजकारणात समान होऊ, समाजात आणि अर्थकारणात मात्र विषमच राहू.

त्याच 26 जानेवारीला आपल्याकडे ग्रामसभा असते. वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्याआधी महिलांची सभा, असा आपला कायदा आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पाच-पंचवीस माणसं गावाचा निर्णय घेऊन मोकळी. दप्तर पुन्हा थोड्यांच्याच हाती.

शिवाय 26 जानेवारी हा दिवस ऐन गळीत हंगामात येतो. सोनईत साखर कारखाना आहे. साखरपट्ट्यात हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, त्यांची लेकरं, त्यांच्या कोप्या. बीडकडून येतात, आपल्याच जिल्ह्याच्या पाथर्डी भागातून येतात. त्या दिवशी त्यांच्या गावात ग्रामसभा असते, ती त्यांच्याविना. इथंही ग्रामसभा असते, पण इथं त्यांचं मत नाही. पाच-सहा महिने हा माणूस कुठल्याच गावाचा नसतो. सहकारात एका सभासदाला एक मत, हे मोठं तत्त्व. पण कोयता ज्याच्या हातात तो सभासदच नाही.

इथं आमची एक कबुली आहे. आम्ही वर्गात स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर व्याख्यानं दिली, टिपणं लिहून दिली. दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरत. ती मुलं कुठं जातात, हे आम्ही बरीच वर्षं विचारलं नाही. बंधुतेचा प्रश्न त्या बाकावर होता आणि आम्ही तो फळ्यावर शोधत होतो.

म्हणून सांगणं थोडकंच आहे. तुमच्या गावात कोपीवरच्या लेकरांना शाळेत नेऊन बसवणारी एखादी बाई असेल. ग्रामसभेत उठून 'मागच्या ठरावाचं काय झालं' असं विचारणारा एखादा तरुण असेल. त्यांचा सत्कार करू नका; शाल-नारळानं काम पुढे जात नाही. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च दर महिन्याला कुणी उचलेल का, हे बघा. ती बोलायला उभी राहील तेव्हा शेजारी बसायला दोघं-तिघं जा. दहा गावांतल्या अशा माणसांना महिन्यातून एकदा एका जागी जमू द्या, आणि अध्यक्षाची खुर्ची तुम्ही घेऊ नका.

तरवडी इथून लांब नाही. तिथं मुकुंदरावांचं स्मारक आहे, एकदा बघून या. तिथं उभं राहिल्यावर मुकुंदरावांना नमस्कार कराच, पण त्या नाव नसलेल्या वर्गणीदाराचीही आठवण ठेवा. आपल्यापैकी बहुतेकांना मुकुंदराव होता येणार नाही. वर्गणीदार होता येईल, आणि येत्या 26 जानेवारीच्या सभेत पंधरा टक्क्यांत आपलं डोकं मोजून घेता येईल.